जुनी गाडी, नवा भाग आणि अस्सलपणाचा हट्ट

जुन्या मोटारसायकलीला आजचे भाग लावावेत की नाहीत, यावर आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. पहिलं शौकिनांचं: गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, एक जरी परका भाग आला तरी ती बाटली. दुसरं पोरांचं: गाडी माझी, पैसा माझा, हवी तशी कापीन. पहिल्या मताला सुसंस्कृतपणाचा मान मिळतो, दुसऱ्याला हवालदाराची पावती. मला दोन्ही सारखीच उथळ वाटतात, कारण दोघांनाही गाडी उभी असतानाच दिसते.

माझं म्हणणं वेगळं आहे. जुन्या मोटारसायकलीचा अस्सलपणा तिच्या मूळ नटबोल्टांत शोधण्यात अर्थ नाही. ही यंत्रं साध्या पान्यांनी उघडावीत, बघून समजावीत आणि गावातल्या मिस्त्रीला पुन्हा बांधता यावीत, अशा बेतानं घडवलेली होती. तो गुण जपणारा नवा भाग गाडीचं जुनेपण राखतो. तो गुण मारणारा भाग कंपनीच्या सीलबंद डबीतून आलेला असला, तरी गाडीची वाट लावतो.

प्रदर्शनातल्या चकचकीत गाड्या पाहून हा विचार सुचणं अवघड आहे. बुलढाणा जिल्ह्यात तो रोज समोर येतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावची काळी माती. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. या टापूत राजदूत कुणी हौसेनं जपलेली नाही. दुधाच्या कॅना, खताचं पोतं, फवारणीचा पंप, मागे दोन माणसं, असं ओझं तिनं वाहिलं आणि काही ठिकाणी अजून वाहते. तिची कंपनी ती बनवत नाही, भाग मिळेलच याचा भरवसा नाही. इथे जुन्या गाडीला नवा भाग लागतो तो गरजेपोटी, म्हणून शौकिनांचा प्रश्न इथे मुळातून तपासता येतो.

१. मूळ गाडी म्हणजे नेमकी कुठली?

बुलेटचंच घ्या. १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. पुढे इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला, मद्रासला मात्र गाडी बनत राहिली आणि बनता बनता बदलत राहिली. सहा व्होल्टची वायरिंग बारावर गेली. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, डिस्क ब्रेक आला, बिडाचं इंजिन जाऊन ॲल्युमिनियमचं आलं. पिढ्यान्‌पिढ्या उजव्या पायात असलेले गिअर डाव्या पायात गेले. हे सगळं कंपनीनं केलं म्हणून ती सुधारणा. आणि तसलंच इलेक्ट्रॉनिक इग्निशन मलकापूरच्या एखाद्या मिस्त्रीनं १९७२ च्या बुलेटला बसवलं की ती छेडछाड! हा न्याय मला कळत नाही.

राजदूत तर जन्मानंच उसनी. साठच्या दशकात फरिदाबादला एस्कॉर्ट्सनं ती बनवायला घेतली, आराखडा पोलंडच्या एसएचएल एम-११ चा. जावा चेकोस्लोव्हाकियातून म्हैसूरला आली, १९७३ पासून यझ्दी या नावानं विकली गेली आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. या तिन्ही गाड्या इथल्या रस्त्यांवर, इथल्या ओझ्याखाली, इथल्या हातांनी घडत गेल्या. मूळ रूप नावाची एकच गोठलेली अवस्था दाखवा म्हटलं, तर बोट ठेवायला जागा सापडत नाही.

आणखी एक पुरावा गॅरेजातच पडलेला असतो, फक्त त्याकडे कुणी पुरावा म्हणून पाहत नाही. पिस्टन आणायला गेलात की दुकानदार आधी विचारतो, ‘स्टँडर्ड का ओव्हरसाइज? कितीचा?’ पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. ब्लॉक झिजला की लेथवर न्यायचा, बोअर करायचा, मोठा पिस्टन आणि रिंगा घालून इंजिन पुन्हा बांधायचं. हे मोठे पिस्टन काही मिस्त्रीच्या डोक्यातून निघालेले नाहीत, कंपन्यांनीच ते ठरवून दिले होते. म्हणजे आराखडा काढणाऱ्यानं कागदावर रेघ ओढतानाच गृहीत धरलं होतं की हा सिलिंडर कुठल्या तरी लेथवर कापला जाणार आणि गाडी कारखान्यातून निघाली तशी राहणार नाही. बदल हा या यंत्राच्या आराखड्याचाच भाग आहे.

टायर, प्लग, ऑइल, चेन यांचं तर बोलायलाच नको. सर्वांत कडवा शौकीनसुद्धा आजच्या रबराच्या टायरवर, आजचं ऑइल घालूनच फिरतो. तिथे त्याला गाडी बाटल्याचं वाटत नाही, कारण ते भाग झिजतात हे त्यानं मान्य केलेलं असतं. बाकीचेही झिजतात, वेळ जास्त लागतो, एवढंच.

२. गाडी तीच राहिली, भोवतालचं जग राहिलं नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरा युक्तिवाद इथे आहे. यंत्र एकटं नसतं. ते एका विशिष्ट इंधनासाठी, विशिष्ट रस्त्यासाठी, विशिष्ट वेगाच्या रहदारीसाठी बेतलेलं असतं. भोवतालचं जग बदललं आणि यंत्र तसंच ठेवलं, तर ते मूळ अवस्थेत राहत नाही. ते अडचणीत येतं.

आधी पेट्रोल. जुन्या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि व्हॉल्व्हच्या मऊ बैठकींना त्याचं संरक्षण मिळायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. ते योग्यच झालं, पण त्या दिवसापासून १९६५ ची बुलेट तिच्या मूळ इंधनावर चाललेली नाही. त्यानंतर इथेनॉल आलं आणि २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं, कार्बोरेटरमधल्या जुन्या रबराला आणि मिश्रधातूला खातं. त्यात ऊर्जा कमी आणि प्राणवायू आधीच मिसळलेला, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं.

टू-स्ट्रोकला याहून मोठा धोका आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. राजदूत पावसाळ्यात तीन-चार आठवडे गोठ्याच्या पडवीत उभी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं, की टाकीत दोन थर होतात: वर पेट्रोल, तळाशी पाणी आणि इथेनॉल. टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ते बहुतेक वरच्या थरात राहतं. कॉक उघडला की आधी खालचा थर कार्बोरेटरमध्ये उतरतो. गाडी चालू झालीच तर पिस्टनला तेल पोचत नाही आणि सीज व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी मूळ रबराची मूळ नळी आणि मूळ नंबरचा जेट जपून ठेवणं म्हणजे गाडी मरू देणं. इथेनॉलला टिकणारी नळी, नव्या रबराचे क्रँक सील, एक-दोन नंबर मोठा जेट हे सगळे आधुनिक भाग आहेत. बाहेरून दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावरून कुणी वाद घालत नाही. शौकिनांचा आक्षेप दिसण्याला आहे, बदलाला नाही, हे इथेच उघडं पडतं.

मग उजेड आणि रहदारी. बुलढाण्याहून खामगावला जाणारा बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. रात्री रोही आडवा येतो, तो हॉर्न वाजवून बाजूला होणारा प्राणी नव्हे. मलकापूर-नांदुरा-खामगावच्या महामार्गावर आज जे ट्रक आणि कार धावतात, त्यांचा वेग आणि ब्रेक दोन्ही वेगळ्या जमान्याचे आहेत. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजा भागातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे जुनी गाडी राहणार ती जुन्याच, आता जास्त गजबजलेल्या रस्त्यांवर. तिथे सहा व्होल्टचा पिवळा दिवा घेऊन ‘ओरिजिनल आहे’ म्हणणाऱ्याचं कौतुक कुणाच्या जिवावर करायचं?

३. मग नवा भाग कसा पारखायचा?

मला तीन कसोट्या पुरेशा वाटतात. बदलाची गरज बदललेल्या जगातून आली आहे की बदललेल्या फॅशनमधून? बदल करताना चेसिस आणि मूळ भाग शाबूत राहिले का, म्हणजे उद्या परत फिरता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाची, जी कुणी विचारत नाही: ही गाडी दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीपुढे उभी राहिली, तर बघून त्याला ती कळेल का?

पॉइंटऐवजी सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावी लागते. ती झिजते, टायमिंग सरकतं, गाडी कीकला दाद देत नाही. सीडीआय बसवला की ही कटकट जाते. मूळ प्लेट कागदात गुंडाळून ठेवली तर तासाभरात परत बसते. सीडीआयचा डबा जळाला तर दुरुस्त होत नाही, हा त्याचा दोष खरा. पण बाजारात सहज मिळणाऱ्या चालू गाडीचा डबा वापरला असेल, तर तिसरी कसोटीही पार पडते. महागडा परदेशी डबा मागवला असेल, तर नाही.

वायरिंग डीसी करणं. मॅग्नेटच्या कॉइलवरून थेट एसी करंटवर दिवा चालणाऱ्या गाडीत इंजिन मंदावलं की दिवा मंदावतो. राजूर घाट रात्री उतरणारा टू-स्ट्रोकवाला बहुधा क्लच दाबून गाडी सोडतो, कारण ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये उतरलं तर इंजिनाला तेलच मिळत नाही. म्हणजे इंजिन आयडलवर, दिवा मिणमिणता, आणि समोर वळण. कॉइलचं अर्थिंग सोडवून ते टोक बाहेर काढायचं, फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवायचा, बॅटरी चांगली ठेवायची. मग दिवा इंजिनाच्या गतीवर अवलंबून राहत नाही. या सगळ्या कामात बाहेरून गाडीचा केसही हललेला दिसत नाही. जुन्या गाडीवर करण्यासारखं याहून शहाणपणाचं काम मला माहीत नाही.

त्याच दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब खुपसणं मात्र बिनडोकपणा आहे. जुन्या हेडलाइटचा आरसा बल्बच्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. तार ठरलेल्या बिंदूवर असते, डिपरची तार त्यापासून किंचित सरकवलेली, आणि बऱ्याच बल्बांत तिच्याखाली छोटी पत्र्याची वाटी असते, म्हणजे उजेड आरशाच्या वरच्याच भागावर पडून खाली रस्त्यावर येतो. एलईडीत तार नसते. एका पट्टीच्या दोन बाजूंना जाडसर ठिपके असतात. उजेड आरशाच्या नको त्या भागावर पडतो आणि वर उधळतो. चालवणाऱ्याला झगमगाट दिसतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि रस्त्यावर नेमका जिथे हवा तिथे अंधार. एलईडीच हवा तर स्वतःच्या लेन्ससकट पूर्ण युनिट जुन्या डोममध्ये बसवावं. नाहीतर डीसी वायरिंगवर साधा हॅलोजन काम भागवतो.

डिस्क ब्रेकबद्दल माझं मत अनेकांना रुचणार नाही. जुन्या यझ्दीच्या किंवा राजदूतच्या बारीक फोर्कवर एका बाजूला कॅलिपर वेल्ड केला, की ब्रेकचा सगळा पीळ एका पायावर येतो. जोरात ब्रेक दाबला की फोर्क वळतो, हँडल एका अंगाला ओढतं आणि वेल्डिंगचा जोड कधी दगा देईल सांगता येत नाही. नव्या भागानं गाडी सुरक्षित झाली, हा भ्रम तेवढा पक्का होतो. करायचंच असेल तर दुसऱ्या गाडीचा फोर्क, एक्सल आणि हब असा संचच घ्यावा आणि लेथवर स्टिअरिंगचा दांडा जुळवावा. मूळ फोर्क माळ्यावर ठेवता येतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: ड्रम ब्रेक खरंच वाईट आहे, की त्याची नीट निगाच राखलेली नाही? बहुतेक जुने ड्रम अंडाकार झालेले असतात आणि लायनर टोकालाच टेकतो. चाक स्पोकसकट लेथवर चढवून ड्रम साफ करावा, जाड लायनर लावून तो ड्रमच्या मापाला खरवडून घ्यावा, ब्रेकच्या कॅमची झिजलेली बुश बदलावी. या जुन्या, कंटाळवाण्या कामानं जो ब्रेक मिळतो, तो पाहून डिस्कचा हट्ट अनेकदा आपोआप सुटतो. दुर्दैवानं या कामाचा व्हिडिओ कुणी बघत नाही.

फॅशनमधून आलेल्या बदलांवर जास्त शब्द खर्चण्यात अर्थ नाही. आरएक्स १०० च्या सायलेन्सरमधली जाळी काढणारा पोरगा स्वतःला आधुनिक समजतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाच्या श्वासाशी जुळवलेला भाग असतो. तो बिघडवला की अर्धवट जळलेलं मिश्रण बाहेर जातं आणि ताकद फक्त कानांना वाढल्यासारखी वाटते. पोलीस असे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. ‘बॉबर’ करायचा म्हणून मागची चेसिस गॅसकटरनं छाटणं हा त्याचाच मोठा भाऊ. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’नं बुलेटवर आधारलेली नवी घडण कसबाच्या पातळीवर नेली, त्याचा मान वेगळा, ती नवी वस्तू आहे आणि नवी म्हणूनच तिच्याकडे बघावं. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलवर बघून केलेली छाटणी मात्र जुनी गाडी संपवते आणि नवी घडवतही नाही.

इलेक्ट्रिक किटबद्दलही विचारलं जातं. ठाण्याच्या गोगोए-१ या कंपनीनं हिरोच्या स्प्लेंडरसाठी परिवहन खात्याची मान्यता असलेलं किट बाजारात आणलं. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या थकलेल्या स्प्लेंडरसाठी हा विचार रास्त आहे. यझ्दीचं इंजिन उतरवून मोटर बसवणं मात्र माझ्या तिसऱ्या कसोटीत नापास होतं. बॅटरीच्या आत काय चाललं आहे, ते मेहकरच्या मिस्त्रीला बघून कळणार नाही.

४. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: असं सगळेच बदलत गेले तर इतिहास कुठे उरणार? मला तो मान्य आहे, पण थोड्या गाड्यांपुरता. जिचे मूळ भाग, मूळ रंग, मूळ कागद एकत्र टिकले आहेत, अशी गाडी पुराव्याचा ऐवज आहे. तिला हात लावू नये. पण ज्या राजदूतचं इंजिन चारदा बोअर झालं आहे आणि टाकी तीनदा रंगली आहे, तिला आता कारखान्यातून निघाल्यासारखी बनवणं हाच इतिहासाशी खोटेपणा आहे. नवा क्रोम चढवून, नव्यानं छापलेले जुने स्टिकर लावून आपण तिच्या आयुष्यातली चाळीस-पन्नास वर्षं पुसून टाकतो. त्या वर्षांत तिनं काय वाहिलं, कुणी तिला कसं जगवलं, तोच तर तिचा इतिहास. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि शेतीची अवजारं जोडली आणि ‘बुलेट सांती’ घडवली. त्याला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळालं. उद्या एखाद्या शौकिनानं ती ‘सांती’ उलगडून पुन्हा शोरूमची बुलेट बनवली, तर त्यानं इतिहास वाचवला असं म्हणायचं का? आपल्याकडेही मोटारसायकलला डवरा जोडून सोयाबीनची डवरणी करणारे शेतकरी आहेत. भारतातल्या मोटारसायकलीची गोष्ट त्यांना वगळून लिहिता येणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा: एवढा खटाटोप कशाला, भंगारात घाला आणि नवी घ्या. नवी गाडी सुरक्षित आहे, कमी धूर सोडते, हे खरं. टू-स्ट्रोकच्या धुराचं समर्थन मी करणार नाही. गावात रोज फिरवण्यासाठी ती नकोच. पण नव्या गाडीचं इंजिन सेन्सर आणि ईसीयूवर चालतं. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, स्कॅनर शोरूममध्ये असतो. गावातला मिस्त्री हळूहळू ऑइल बदलणारा आणि पंक्चर काढणारा होत चालला आहे. जुनी गाडी शहाणपणानं चालू ठेवण्यात त्याचं कसब चालू राहतं: लेथवर माप घेणं, आवाजावरून बेअरिंग ओळखणं, कॉइल बांधणं. ते ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते हातात आहे आणि हात रिकामे राहिले की जातं. नव्या गाडीची किंमत काढताना हा हिशेब कुणी धरत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम काटेकोरपणे लावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. रस्त्यावर कुणीही काहीही जोडून फिरू नये, हा हेतू रास्तच आहे.

अडचण २०२१ च्या व्हिंटेज नियमांत आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. म्हणजे १९७५ ची राजदूत कायद्याच्या लेखी वारसा ठरते ती काम थांबवल्यावर. बांधावर उभी असलेली, दूध वाहणारी राजदूत या नियमांना दिसतच नाही. उत्पादकाला गाडीचा एकमेव कर्ता मानलं की हे असंच होणार. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यानंतर यझ्दी कुणाच्या तपशिलावर जगली याचं उत्तर त्या नियमांत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. पंचवीस-तीस वर्षांपलीकडच्या, वापरात असलेल्या दुचाकींसाठी मान्य बदलांची एक छोटी यादी असावी: इंधनाची नळी आणि जेट, इग्निशन, दिव्याची वायरिंग आणि पूर्ण युनिट, ब्रेकचा अखंड संच. बदल केला की नोंदणीपत्रावर एका ओळीची नोंद व्हावी, कोणता भाग, कोणत्या गाडीचा, कुठल्या गॅरेजात. बुलढाण्याच्या, म्हणजे ‘एमएच २८’च्या आरटीओ कार्यालयात पंधरा वर्षांपुढच्या गाड्या तपासणीला येतातच. तिथे निरीक्षकानं कारखान्याच्या पत्रकाशी भाग जुळवत बसण्यापेक्षा ब्रेक लावून बघावा, दिवा भिंतीवर पाडून त्याची उंची बघावी, आवाज मोजावा. ही नोंद पुढच्या मिस्त्रीलाही उपयोगी पडेल. आज त्याला जुन्या गाडीचा पूर्वेतिहास वायर सोलून सोलून शोधावा लागतो. छाटलेली चेसिस आणि जाळी काढलेला सायलेन्सर या यादीत कधीच येऊ नयेत.